नळी कोणी केली?

—त्या बाकावर नका बसू, त्याचा एक पाय नुसता टेकवून ठेवलाय. पडाल, आणि मग तुमच्या शेती केंद्राची गाडी येईल मलाच जाब विचारायला. इथं उंबऱ्यावर बसा. नाही तर उभ्या राहा, मला काय त्याचं! माझे हात थांबायचे नाहीत, आधीच सांगते, एवढं मक्याचं पोतं आज सोलून व्हायचंय. आणि पाणी विचारलं नाही ते विसरले म्हणून नाही हं. मुद्दाम नाही विचारलं. मागं तुमच्या केंद्रातून साहेब आले होते तेव्हा सगळं केलं — पाणी दिलं, जेवायला घातलं, बसायला घरातली एकुलती एक खुर्ची दिली, आमचे हे बाहेर दगडावर बसले. काय मिळालं? ते बघा, तिकडं, कोंबड्यांच्या खुराड्याला. दाराला आडवं लावलंय ना लाल रंगाचं, लोखंडी? ते मिळालं. ओळखलंत का? नाही ओळखलं! तुमच्याच केंद्राचं यंत्र आहे, बाई. तुमच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर आहे. तिथं ते शेतात आहे आणि इथं खुराड्याला आहे, एवढाच काय तो फरक.

काय म्हणालात मघाशी दारात आल्या आल्या — शेतकऱ्यांना सोबत घेऊन नवं काही करायचंय? सोबत! कोण शिकवतं हो तुम्हाला हे शब्द? आठ वर्षांपूर्वी तेही हेच बोलत होते. शाळेच्या खोलीत सगळ्यांना बसवलं, पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लागतायत आमचे — आणि रंगीत कागदाचे तुकडे वाटले. म्हणे, तुमच्या शेतातली अडचण लिहा, चित्र काढा, भिंतीला चिकटवा. तुमच्याकडं ज्ञान आहे, आम्ही शिकायला आलोय. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यात कधी कुणी म्हटलं नव्हतं की तुझ्याकडून शिकायचंय. आमचे हे तर अजून भाजीत मीठ किती ते मला शिकवतात.

अडचण काय होती? तुम्हाला माहीत आहे का मका टोकतात म्हणजे काय करतात? नाही, पुस्तकातलं नका सांगू. हे उतारावरचं रान आहे आमचं, दगड आहे, पट्टे अरुंद आहेत, तिथं पेरणीचं अवजार फिरत नाही. बाई फिरते. वाकायचं, काठीनं भोक पाडायचं, दोन दाणे टाकायचे, माती सारायची, एक पाऊल पुढं, परत वाकायचं. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, आठ-आठ दिवस. रात्री सरळ आडवं होता येत नाही, कुशीवर मुटकुळं करून पडायचं. आणि हे बायकांचं काम हं. पुरुषाची कंबर म्हणे वाकत नाही. बायकांची काय वाकलेलीच घडवून पाठवतात वरून!

तर त्यावर नळी. आमची नळी. साधी आहे — छातीएवढा पाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप, खालचं टोक तिरकं कापलेलं, बाजूला टोकदार काठी बांधलेली, वर बाटलीचं तोंड कापून बसवलेलं. उभं राहायचं, काठी रोवायची, वरून दाणे सोडायचे, ते घरंगळत बरोबर भोकात जातात, पायानं दाबलं की झालं. वाकायचं नाही. दिवसभर चाला, कंबर जागच्या जागी. पोराला खेळणं वाटेल असं काम, पण त्याआधी कुणाला सुचलं नव्हतं ते नव्हतंच.

कोणाला? म्हणजे काय कोणाला? मी केली. लिहिलंय ना तुमच्या पुस्तिकेत — "कष्टाळू शेतकरी भगिनीची कल्पना". माझा फोटो आहे. नळी हातात धरलेली, डोक्यावर ऊन, डोळे मिटलेले आलेत माझे, पण मीच आहे. मग आता आठ वर्षांनी येऊन कोणी केली म्हणून का विचारताय? तुमच्याच पुस्तिकेवर तुमचा विश्वास नाही?

तिचं नाव कुणी घेतलं तुमच्यापाशी?

खालच्या वस्तीवर जाऊन आलात. हां. म्हणजे आधी तिकडं गेलात आणि मग इकडं. मघाशी बोलला नाहीत ते. ती माझी धाकटी जाऊ. माझ्या धाकट्या दिराची बायको. एकाच चुलीवर जेवत होतो आम्ही सगळी, आता ते वेगळे झालेत. घरं म्हटलं की होतंच, भांड्याला भांडं लागतं. त्यात तुम्हाला लिहून घेण्यासारखं काही नाही. पेन ठेवा खाली. ठेवा म्हटलं ना!

पाइप तिनं आणला होता, हे खरं. कबूल करते. विहिरीवरचा पाइप फुटला होता, त्याचा तुकडा पडला होता मागच्या अंगणात, तो तिनं उचलला. एवढंच. पाइप उचलला म्हणजे काय नळी केली असं होतं का? तुकडा तर मीही रोज ओलांडून जात होते — दोन महिने ओलांडत होते. कापला तिनं. तेही — हो, कापला तिनंच, विळ्यानं, बोट पण कापून घेतलं. पोटुशी होती तेव्हा, सातवा लागलेला. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं, हिला वाकू देऊ नका. मी म्हटलं, नर्सला काय होतंय सांगायला, पेरणी काय नर्स करणार आहे? शेत थांबतं का कुणाच्या पोटासाठी? म्हटलं मी. तोंडावर म्हटलं. सगळ्याजणी वाकतात, तूच काय मोठी लागून गेलीस. ती काही बोलली नाही. तिचं तेच वाईट आहे, ती बोलतच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडण जमतं. तिसऱ्या दिवशी शेतात बघते तर ही बया नळी घेऊन ताठ उभी. राणीसारखी चालत होती उतारावरून. मी सगळ्यांसमोर हसले. पट्ट्याच्या या टोकावरून ओरडले, अगं, छत्री धर म्हणावं कुणाला तरी डोक्यावर! सगळ्याजणी हसल्या.

आणि मग उगवलं ना शेत. माझ्या पट्ट्यात ठिकठिकाणी खाडे पडलेले, कुठं चिमण्यांनी उकरलं, कुठं खोल गेलं. तिच्या पट्ट्यात ओळीनं उभा मका, एक खाडा नाही. बघत राहिले मी. कुणी बघत नाही असं बघून घरी आले, नळी भिंतीच्या खुंटीला होती, घेतली, मागच्या अंगणात एकटीनं चालवून बघितली. बी नव्हतं हातात, खडे टाकत होते. खडे टाकत होते आणि रडू येत होतं, कशाचं ते — जाऊ दे. तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी.

नाही, सांगते. तुम्ही बाईमाणूस आहात म्हणून सांगते, लिहायचं नाही. मीही सातव्यातच वाकले होते. तिच्या आधी बारा वर्षं. त्याच पट्ट्यात. माझं नाही राहिलं ते. नंतर एक मुलगा झाला मला, चांगला आहे, बाहेर कामाला आहे, ते वेगळं. पण ते नाही राहिलं. कुणी नळी दिली नाही मला. कोण देणार? मलाच कुठं सुचली? तिला सुचली. तिची पोर आज शाळेत जाते, धडधाकट आहे, तुम्ही बघितलीच असेल खाली.

बघितलीत? उंच झाली असेल.

असो. तर ते शाळेतलं सांगत होते. ती बाळंतीण होती, पंधरा दिवसांची ओली, म्हणून मी गेले बैठकीला. नळी घेऊन गेले दाखवायला. आता यात माझं काय चुकलं ते सांगा. साहेबांनी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, डोळे चमकले त्यांचे. म्हणाले, ही कोणी केली? मी म्हटलं, आम्ही केली. 'आम्ही' म्हटलं होतं मी आधी, देवाशपथ. तर ते म्हणाले, आम्ही म्हणजे तुम्ही का? आणि सगळी खोली माझ्याकडं बघतेय, सरपंच बघतोय, ते कॅमेरावालं पोरगं पुढं आलेलं, आमचे हे मागं दारात उभे, त्यांची मान पहिल्यांदा माझ्याकडं वळलेली — मी म्हटलं, हो. एक अक्षर. एवढंसं अक्षर आहे, बाई. तेवढ्यात फोटो काढला. म्हणून तर डोळे मिटलेत त्यात.

घरी आल्यावर सांगणार होते मी. उद्या सांगू, परवा सांगू करता करता पुस्तिका छापून आली. ती तिनं हातात घेतली, बघितली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जाऊबाई, फोटो चांगला आलाय." बस. एवढंच. आता याला काय उत्तर द्यायचं? तुम्ही असतात तर काय दिलं असतं?

पण दोष तुमच्या लोकांचा, मी ठामपणे सांगते. माझा एक, तुमचे दहा. मला केलं ना त्यांनी शेतकरी प्रतिनिधी. महिन्यातून एकदा गाडी यायची न्यायला. मोठ्या टेबलाभोवती बसायचं, यंत्राचे नकाशे मांडलेले. ते नळी सुधारणार होते. नळी काय आजारी होती सुधारायला? दाण्यांसाठी पेटी बसवली, स्प्रिंग बसवला, मुठीला दांडा दाबायचा, एका वेळी बरोबर दोन दाणे पडणार. सगळं लोखंडाचं. कडेवर मूल घेतल्यासारखं वजन. मी सांगायला पाहिजे होतं, हो ना? धाकटीनं घरी मला सांगितलं होतं — बघा, तेव्हाही बोलत होती ती माझ्याशी, चूल पेटवता पेटवता सांगायची — म्हणाली, त्यांना म्हणावं पेटी नको, आपल्या उतारावर वरच्या बाजूला तीन दाणे लागतात, खाली दोन पुरतात, ते हाताला कळतं, पेटीला कळत नाही. मी काय केलं? काही बोलले नाही तिथं. का? अहो, बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, का, कसं, किती. आणि मला कुठं ठाऊक होतं! तिच्या तोंडचं घोकून नेलं असतं, तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडले असते. म्हणून चहा घ्यायचा, मान हलवायची, गाडीतून परत.

आणि मग ती नळीची खुंटी. ती खुंटी ऐका आता, त्याचसाठी आलायत ना तुम्ही? तिनं काठीला टोकापासून चार बोटांवर आडवी खुंटी ठोकली होती. लाकडाची, अंगठ्याएवढी. एका साहेबानं विचारलं, ही कशाला? मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते, मी तोवर दोनदा नळी वापरली होती आणि ती खुंटी कशाला आहे हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. टेबलाभोवती नऊ माणसं, सगळ्यांची पेनं वर. मी म्हटलं, "काही नाही हो, पाय ठेवायला बरी पडते, नसली तरी चालेल." नसली तरी चालेल! ते म्हणाले, मग काढून टाकू, एक भाग कमी होईल. काढली.

कशाला होती ती? काठी चार बोटांपेक्षा खोल जाऊ नये म्हणून होती. दुसरं कशाला. शहाण्या माणसाला बघितल्या बघितल्या कळलं असतं. त्या टेबलावर नऊ शहाणे होते आणि दहावी मी.

पुढच्या पेरणीला लाल यंत्रं वाटली. वरच्या आळीत चाळीस घरं, सगळ्यांना एकेक. घेतली का, तर माझ्याकडं बघून घेतली. मी दारोदार गेले होते ना सांगत — आपलंच आहे, मीच केलंय, घ्या बिनघोर. जड होतं म्हणून बायका दोन्ही हातांनी जोर लावून खुपसायच्या, ओली जमीन, वीत-वीत आत जायचं. बी गाडलं गेलं. पंधरा दिवस वाट बघितली, वीस दिवस बघितली. सगळा उतार उघडा. कुठं एखादा पिवळा कोंब, तोही माना टाकलेला. परत पेरायला बी कुणाकडं राहिलं होतं? त्या वर्षी लोकांनी जनावरं विकली, बाई, आणि पोरांना मामाकडं जेवायला धाडली. माझी शेजारीण — चांगली मैत्रीण होती माझी, केस विंचरायला यायची — ती यंत्र घेऊन आली आणि माझ्या दारात टाकून गेली. तेच ते खुराड्याला लावलंय. माझं वेगळं, ते मागं गंजतंय.

तुमचे साहेब? आले ना. आले आणि कागदावर खुणा केल्या. म्हणाले, वापरणाऱ्यांनी नीट वापरलं नाही, प्रशिक्षण कमी पडलं. खापर आमच्याच डोक्यावर. मग बदली झाली त्यांची, वरच्या जागेवर.

त्याच वर्षी दीर वेगळा झाला. ती गेली त्या दिवशी मी इथंच बसले होते, हेच करत. तिनं पोर कडेवर घेतली, भांडी आधीच गेली होती, शेवटी आत आली आणि भिंतीच्या खुंटीवरची जुनी नळी काढली. मला दाखवली वर करून, नेते म्हणून. मी मान हलवली. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, चोरटी आहेस तू, चाळीस घरं उपाशी घातलीस. मी तयार होते. उत्तर पण तयार होतं माझं. गेली निघून.

आणि मग बायका तिच्याकडं जायला लागल्या. आधी एक गेली, लपून. मग दोघी. तिनं काय केलं माहीत आहे? कुणाला नळी करून दिली नाही. म्हणाली, आपापला पाइप आणा, आपल्या उंचीनं कापा, आपल्या पायाला जमेल तशी खुंटी ठोका, पण चार बोटं म्हणजे चार बोटं. डावखुरी होती तिनं काठी दुसऱ्या बाजूला बांधली. गुडघे गेलेली म्हातारी होती तिनं वर आधाराला मूठ केली आणि आता बाकीच्याही तशीच करतात. नदीपलीकडं गेली नळी, लेकी सासरी जाताना घेऊन गेल्या, कामाला येणाऱ्या बायका बघून गेल्या. ना पुस्तिका, ना गाडी, ना बैठक. म्हणून तर तुम्हाला जाग आली! नदीपलीकडं सगळीकडं प्लॅस्टिकची नळी दिसली आणि तुमचं लाल यंत्र कुठं दिसेना, म्हणून धाडलंय तुम्हाला. बरोबर ना? नाही, सांगू नका, तोंडावर दिसतंय.

मला विचाराल तर माझी नळी मी कशी केली? मी नाही केली. मी अजून वाकूनच टोकते. कुठल्या तोंडानं जाऊ खाली पाइप घेऊन?

बरं, एक सांगा. ते पेन फिरवणं थांबवा आणि सांगा. तिनं काय सांगितलं? तुम्ही विचारलंच असेल तिला, नळी कोणी केली म्हणून. काय म्हणाली माझ्याबद्दल? बोला की. मी ऐकून घेईन, सगळी आळी बोलते ते ऐकतेच आहे.

काय?

परत सांगा. जसं बोलली तसं सांगा, तुमचं घालू नका मध्ये.

"जाऊबाईंना विचारा, त्या सांगतील ते लिहा."

एवढंच? पुढं काही नाही? हसून म्हणाली की — नाही, तुम्हाला नाही कळायचं, तिच्या चेहऱ्यावरून मला बारा वर्षांत कळलं नाही. त्या सांगतील ते लिहा. म्हणजे मी आत्ता म्हटलं की मी केली, तर तुम्ही तसंच लिहून नेणार? आणि ती खाली काही बोलणार नाही. परत.

नका बघू माझ्याकडं असं. तुम्हाला कुणी बोलावलं होतं? आठ वर्षं झाली, धुरळा खाली बसला होता. तुम्ही येता, उकरता, कागद भरता आणि जाता, आम्हाला इथंच राहायचं असतं, त्याच पाणवठ्यावर, त्याच बायकांत. तिला केंद्रात बोलावणार म्हणे, टेबलाला बसवणार. बसवा. पण तिला बोलायला लावा, ती आपणहून बोलायची नाही. तिच्या हातात पाइप द्या आणि नऊच्या नऊ जणांना गप्प बसायला सांगा. तेवढं जमणार आहे का तुम्हाला? मला नाही वाटत.

घ्या पेन. घ्या, मघाशी तर फार घाई होती. लिहा — नळी धाकटीनं केली. पाइप तिनं कापला, काठी तिनं बांधली, खुंटी तिनं ठोकली, चार बोटांवर. खुंटी काढा म्हणून मी सांगितलं. थोरलीनं. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. लिहा सगळं, नीट लिहा, "गैरसमजातून" वगैरे काही घालू नका, तुमच्या लोकांना सवय असते. लिहिलंत? वाचून नका दाखवू. सही कुठं करायची ते सांगा. आणा इकडं.

झालं. उठा आता. खालची वाट तळ्याच्या कडेनं जाते, चिखल आहे, पायातलं हातात घ्या. आणि तिनं विचारलं, थोरली काय म्हणाली, तर तुमच्या मनाचं काही सांगायचं नाही. कागद द्यायचा नुसता तिच्या हातात. वाचता येतं तिला.

निघा म्हटलं ना. आणि फाटक ओढून घ्या जाताना, शेळ्या आत येतात.